एक मीटरची काठी आणि दोन सावल्या

प्रश्न विचारणाऱ्या तरुण सरांनी चार ओळींत सगळं मांडलंय. आर्किटेक्चर कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ त्यांच्याकडे आलाय. व्यवस्थापनाने नुकताच एक लेझर कटर आणि दोन थ्रीडी प्रिंटर घेतलेत. ज्येष्ठ प्राध्यापक म्हणतात, दोन वर्षं पोरांना कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका. आणि पोरं पहिल्याच आठवड्यात गुळगुळीत रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरने काढलेली इमारतीची फोटोसारखी चित्रं, घेऊन येतात. 'कुणाचं ऐकू?' असं सरांनी विचारलंय.

मला शिकवायला लागून बावीस वर्षं झाली. छोटीशी प्रॅक्टिस त्याच्या आधीपासून आहे, म्हणजे साइटवरच्या शिव्याही खाऊन झाल्यात. माझं उत्तर असं की यातलं कुणाचंच पूर्ण ऐकू नका. 'आधी हात की आधी सॉफ्टवेअर' हा वाद मी नोकरीला लागले तेव्हाही स्टाफरूममध्ये चालायचा, तेव्हा फक्त भांडण ऑटोकॅडवरून असायचं. त्यातून काही निष्पन्न झालेलं मी पाहिलं नाही.

पोरं रेंडर करतात ही अडचण नाहीच. त्या रेंडरला 'नाही' म्हणणारं काही समोर नसतं, ही अडचण आहे. पडद्यावर भिंत कलत नाही, वीट उरत नाही, पावसाचं पाणी उलटं आत येत नाही. पण मग हाताने केलेलं मॉडेल आपोआप खरं बोलतं का? तेही नाही. माउंटबोर्ड आणि फेव्हिकॉलने पाच मीटरचा सज्जासुद्धा बिनबोभाट उभा राहतो. हातकामाचे भक्त हे सोयीस्करपणे विसरतात. नुसता हात काही शिकवत नाही आणि नुसता माऊसही नाही. एकाने केलेलं भाकीत दुसऱ्याकडून तपासून घेतलं, तरच काहीतरी हाती लागतं.

म्हणून माझ्या वर्गात प्रत्येकाकडे एक शंभर पानी साधी वही असते. आम्ही तिला फरकवही म्हणतो. डाव्या पानावर अंदाज लिहायचा, तोही काम करायच्या आधी आणि आकड्यात. उजव्या पानावर प्रत्यक्ष मोजलेलं लिहायचं. खाली फरक आणि त्याचं कारण. बाकी सगळं या वहीभोवती फिरतं. आता दोन-तीन प्रसंग जरा सविस्तर सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

पहिला प्रसंग सावलीचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलांना सांगितलं, स्केचअप या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मीटर उंचीची काठी उभी करा, तारीख 21 डिसेंबर ठेवा, भर दुपारची सावली मोजा आणि डाव्या पानावर लिहा. मग कॉलेजच्या गच्चीवर ओळंबा धरून खरीच एक मीटरची काठी उभी केली आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूचा ठिपका द्यायला लावला. वर्गातल्या निम्म्याअधिक वह्यांत डाव्या पानावर दोन मीटरच्या आसपास आकडा होता. गच्चीवर सगळ्यात आखूड सावली भरली नव्वद सेंटिमीटर.

पाच मिनिटं नुसता गोंधळ. काठी वाकडी असेल, टेप चुकीची असेल, 'मॅडम, गच्चीला उतार आहे.' (उतार होता, पण तो मीटरभर सावली खाण्याइतका नव्हता.) शेवटी एका मुलीने लॅपटॉप उघडून पाहिलं, तर तिच्या फाइलचं ठिकाण होतं बोल्डर, कोलोरॅडो. स्केचअप कोरी फाइल उघडताना तेच ठिकाण धरून चालतं, आणि ते बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. बोल्डर 40 अक्षांशावर. तिथे 21 डिसेंबरला दुपारी सूर्य जेमतेम साडेसव्वीस अंशांवर येतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर, आपल्याकडे तो 48 अंशांवर असतो. म्हणजे या मुलांनी सहा महिने अमेरिकेतल्या उन्हासाठी पुण्यात छज्जे काढले होते.

तेवढ्यावर थांबलं नाही. खडूचे ठिपके पाहिले तर सगळ्यात आखूड सावली बाराला पडलीच नव्हती, साडेबाराच्या जरा पुढे पडली होती. का? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि पुणं चौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरा, हिशेब जमतो. हे त्यांना अकरावीपर्यंतच्या भूगोलात शिकवलं होतं, पण गच्चीवर खडूने हात पांढरे होईपर्यंत ते कुणाचंच नव्हतं. मग कुणीतरी विचारलं, जूनमध्ये काय? पुन्हा सॉफ्टवेअर उघडलं, या वेळी ठिकाण पुणे. 21 जूनच्या दुपारी सावली दक्षिणेला पडलेली दिसली, कारण सूर्य डोक्यावरून पाच अंश उत्तरेला सरकलेला असतो. 'उत्तरेच्या खिडकीतून कधीच थेट ऊन येत नाही' हे वाक्य परदेशी पुस्तकांतून आपल्या मुलांच्या वह्यांत उतरलेलं असतं. त्या दिवशी पंचवीस जणांनी ते स्वतःहून खोडलं.

यात कोण जिंकलं, हात की कॉम्प्युटर? काठी नसती तर चूक सापडली नसती. सॉफ्टवेअर नसतं तर डिसेंबरात जूनची सावली पाहायला सहा महिने थांबावं लागलं असतं, आणि जूनमध्ये ढग.

दुसरा प्रसंग कमानीचा. हा माझा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात घाण करणारा अभ्यास. भिंतीवर दीड मीटर अंतरावर दोन खिळे ठोकायचे, हार्डवेअरच्या दुकानातली साधी साखळी त्यांच्यात अडकवायची आणि मधोमध नव्वद सेंटिमीटर लोंबू द्यायची. लोंबणारी साखळी फक्त ताणात असते. तोच आकार उलटा केला की कमान फक्त दाबात राहते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने हे 1675 मध्ये ओळखलं होतं. बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी वास्तुकार गाउदीने दोऱ्या टांगून, त्यांना शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या बांधून 1:10 चं अख्खं मॉडेल केलं होतं आणि त्याचे फोटो उलटे धरून तो इमारत बघायचा. हे सगळं मी नंतर सांगते. आधी साखळी टांगून घेते.

मुलं लांब उभं राहून फोटो काढतात (जवळून काढला तर लेन्स कडेची वक्रता बिघडवते), भिंतीवर खुणा केलेल्या असतात त्यांवरून फोटो मापात आणतात आणि कॉम्प्युटरवर रेघ गिरवतात. लांबी येते 2.49 मीटर. मग आकार उलटा करून प्लॉटरवर पूर्ण मापाचा कागद काढतात, तो 12 मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवून जिगसॉने कापतात. हेच सेंटरिंग, म्हणजे कमान रचताना खाली धरायचा तात्पुरता साचा. आमच्या लेझरला एवढा जाड प्लाय झेपत नाही, आणि खरं सांगायचं तर झेपला असता तरी मी जिगसॉच हातात दिला असता.

आता अंदाज. नऊ-चार-तीन इंचांची वीट, म्हणजे 75 मिलिमीटर जाडी, सांधा 10 मिलिमीटर. कॉम्प्युटर म्हणाला 29 विटा, 30 सांधे, एकूण 2,475 मिलिमीटर. उरलेले पंधरा मिलिमीटर सगळ्या सांध्यांत विरून जातील. डावं पान भरलं. ड्रॉइंगवर सगळ्या विटा कशा नीट बसल्या होत्या!

प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी चढत मुलं वर पोचली, तेव्हा शेवटच्या दोन विटांसाठी जागा उरली होती एका विटेची. आमच्याकडे येणारे मिस्त्री बाजूला विडी शिलगावून बसले होते. म्हणाले, "पोरांनी विटा मोजल्या, चिखल न्हाय मोजला." मोजला. नवशिक्या हाताचा सांधा तेरा-चौदा मिलिमीटरचा पडत होता. 28 विटा आणि 29 सांधे साडेतेराच्या आसपासचे, की 2,490 बरोबर जुळतात. कमान 28 विटांतच मिटली.

दुसरा फरक त्याहून मोठा होता. माथ्याशी वक्रता एवढी घट्ट असते की आतल्या बाजूला सांधा एक सेंटिमीटरचा ठेवला तरी पाठीला तो तीन सेंटिमीटर उघडतो. ड्रॉइंगमध्ये ती पाचरीसारखी फट करड्या रंगाने भरलेली होती, म्हणून कुणाला दिसलीच नव्हती. मिस्त्रींनी विटेच्या कपच्या फोडून त्या फटीत ठोकल्या, मग चिखल. 'कपची' हा शब्द त्या मुलांच्या पुढच्या सगळ्या डिटेल ड्रॉइंगमध्ये दिसायला लागला. एका मुलाने तर सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) कपच्यांना वेगळा हॅच, म्हणजे रेघांची वेगळी भरण, दिला.

सेंटरिंग काढायच्या आधी पायथ्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या गोण्या लावायच्या, आत कुणी उभं राहायचं नाही, हेल्मेट आणि बूट सगळ्यांना. हे मी ठासून सांगते, कारण पहिल्या वर्षी मी स्वतः घाई केली होती. चिखल ओला असताना संध्याकाळीच सेंटरिंगखालच्या पाचरी काढल्या, गुळगुळीत फरशीवर एका बाजूचा पाय सरकला आणि अख्खी कमान बसली. कुणाला लागलं नाही, पण ती रात्र मला झोप आली नाही. आता तीन दिवस थांबतो. पाचरी हातोडीने हळूहळू ढिल्या केल्या की सेंटरिंग दोन बोटं खाली येतं, सांध्यांतून थोडी माती झरते, कमान किंचित बसते आणि मग थांबते. एका वर्षी माथा सहा मिलिमीटर खाली आला होता. तोही आकडा उजव्या पानावर जातो.

याच्यानंतर ती मुलं परत कॉम्प्युटरवर बसतात आणि ग्रासहॉपरमध्ये, म्हणजे आकडा बदलला की ड्रॉइंग आपोआप बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सांध्याची जाडी हा बदलता आकडा करतात. सांधा बदलला की विटांची संख्या बदलते. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण ते त्यांनी मागून घेतलेलं असतं. मी ग्रासहॉपर आधी शिकवून पाहिलंय. तेव्हा पिळदार मनोरे आले, दर्शनी भागावर मधमाश्यांची पोळी आली आणि आकडे बदलायच्या एकाही स्लायडरला कारण नव्हतं.

बांबूचं थोडक्यात सांगते. सिंधुदुर्गातला माणगा आणून मांडव करायचा होता. मुलांनी थ्रीडी प्रिंटरवर सुबक सांधे छापले, 40 मिलिमीटरच्या भोकाचे. बांबू आला तो 34 पासून 46 पर्यंत, एकही गोल नाही, बुंध्याला जाड आणि शेंड्याला बारीक. दोन सांधे बसले, बाकी टोपलीत. मग प्रत्येक बांबूला नंबर दिला, दोन्ही टोकांचा व्यास व्हर्नियरने मोजून तक्ता केला आणि त्या तक्त्यावरून प्रत्येक सांध्याचं वेगळं भोक काढणारी स्क्रिप्ट लिहिली. इथे डिजिटल साधनाने खरंच काम केलं. हाताने चाळीस वेगवेगळी ड्रॉइंगं कुणी काढली नसती. आणि मग तेवढ्यात बुरूडकाम करणारे काका आले, काथ्याची दोरी भिजवून घेतली आणि पहिला सांधा पाच मिनिटांत बांधून मोकळे झाले. प्रिंटरला एका सांध्याला साडेतीन तास लागत होते. मुलांनी शेवटी कुठे काय वापरलं? जिथे तीन बांबू वेगवेगळ्या कोनांत एकत्र येतात तिथे छापील सांधा, बाकी सगळीकडे दोरी. हा निर्णय त्यांनी घेतला, मी नुसती बघत होते.

तुमच्या नव्या यंत्रांबद्दल आता स्पष्टच बोलते. थ्रीडी प्रिंटर दुसऱ्या वर्षाला इमारतींची मॉडेलं छापायला देऊ नका. मशीन रात्रभर चालतं आणि मूल रात्रभर विचार करत नाही. शिवाय छापून आलेली वस्तू 'झालेली' दिसते. तिला कटरने कापून बदलायची कुणाची छाती होत नाही. करड्या बोर्डाचं ओबडधोबड मॉडेल मी जुरीत, म्हणजे कामाच्या तपासणीत, सरळ मोडते आणि दोन मिनिटांत दुसरं बनतं. प्रिंटर सांध्यांना, जाळ्यांना, एखाद्या नळाच्या मुठीला ठेवा.

लेझर मात्र उपयोगी आहे. पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून कंगवा कापून घ्या: एका पट्टीत 2.6 पासून 3.2 मिलिमीटरपर्यंत एक-एक दशांशाने वाढत जाणाऱ्या खाचा. बाजारात तीनचा म्हणून मिळणारा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) मोजला तर 2.8 ही भरतो, 3.1 ही भरतो, आणि लेझरचा किरण स्वतः दोन-तीन दशांश खातो. कुठल्या खाचेत तुकडा फेव्हिकॉलशिवाय घट्ट बसतो ते बोटांना कळलं की 'टॉलरन्स' हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. आणि एक गोष्ट दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावा: सनबोर्ड लेझरवर चालणार नाही. आपल्याकडचा सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. तो जाळला की क्लोरिनयुक्त विषारी धूर निघतो, छातीला वाईट आणि मशीनचं लोखंडही गंजवतो. पोरं सबमिशनच्या आदल्या रात्री काहीही आत सरकवतात, म्हणून चावी तुमच्या खिशात ठेवा.

ज्येष्ठ प्राध्यापकांचं एक मात्र मला शंभर टक्के पटतं. पडद्यावर मापाचा अंदाज जातो. झूम करत गेलं की 900 मिलिमीटरचं लँडिंगही मैदानासारखं वाटतं. त्यावर माझा उपाय म्हणजे वर्गातली बाकं बाजूला सारून जिना खडूने पूर्ण मापात जमिनीवर काढायचा, भिंतींच्या जागी मुलं उभी करायची आणि सहा बाय तीनचा प्लाय घेऊन त्या वळणावरून जायचं. प्लाय म्हणजे दिवाण. 'भिंतीं'च्या बरगड्यांत कोपरे बसले की जिना आपोआप रुंद होतो. 1:20 चा सेक्शनही मी हातानेच काढून घेते, आणि तो दाखवल्याशिवाय रेंडर बघत नाही. रेंडरमध्ये जळगावच्या साइटवर पाइनची झाडं आणि ओव्हरकोट घातलेली माणसं पाहून माझं वय वाढतं, हेही एक कारण आहे.

आता तुमच्या परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. वर्ग चाळीसचा असेल तर पाच-पाचचे आठ गट करून एका दिवशी दोनच कमानी घ्या. ऐंशीचा असेल तर दुसरा शिक्षक आणि दुसरा मिस्त्री हवाच. मिस्त्रींना रोजंदारी द्या, तीही बाजारभावाने, आणि 'व्हिजिटिंग फॅकल्टी'च्या रजिस्टरवर सही घ्या. माझ्या कॉलेजात त्यासाठी दोन वर्षं अर्ज करावे लागले, पण झालं. कोकणात असाल तर जुलै-ऑगस्टात माती विसरा, कमान दिवाळीनंतर. तिकडे विटेपेक्षा जांभ्याचा चिरा हाताशी असतो, मग अभ्यास चिऱ्याचाच करा. आमच्याकडची वीट ट्रकने नेण्यात काही अर्थ नाही. लॅपटॉप सगळ्यांकडे सारखे नसतात, म्हणून गटागटाला एक चालणारं मशीन पुरेल असंच काम द्या. फुकटात ब्लेंडर आणि फ्रीकॅड ही थ्रीडी सॉफ्टवेअर आहेतच. पायरेटेड सॉफ्टवेअरवर मुलांना प्रवचन देण्यापेक्षा हे बरं.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलणं आपल्या हातात नसतं, पण अंतर्गत गुण असतात. मी त्यातले तीस टक्के फरकवहीला ठेवते. आणि गुण फरक कमी आला म्हणून देत नाही, कारण तसं केलं की दुसऱ्याच आठवड्यात डावं पान उजव्या पानानंतर भरलं जातं. (जातंच. मीही विद्यार्थिनी होते.) कारण किती नेमकं शोधलं त्याला गुण. 'काम नीट झालं नाही' याला शून्य. 'सांधा साडेतीन मिलिमीटर जास्त जाड पडला कारण चिखलात खडे होते, चाळणी वापरली नव्हती' याला पूर्ण.

जमलं तर वर्गाला एक दिवस शिरूर तालुक्यातल्या पाबळला घेऊन जा. डॉ. कलबागांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम तिथे आहे. 2002 पासून तिथे फॅब लॅब, म्हणजे डिजिटल यंत्रांवर वस्तू बनवायची कार्यशाळा, आहे, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. शाळा सुटलेली खेड्यातली मुलं तिथे वेल्डिंगही करतात आणि सर्किटही बनवतात, एकाच छपराखाली. आमची मुलं परत येताना बसमध्ये नेहमीपेक्षा शांत होती.

व्यवस्थापनाचं उरलं. त्यांना प्लेसमेंट हवी असते, म्हणून 'रेव्हिट (ऑफिसांत चालणारं इमारतीचं मॉडेलिंग सॉफ्टवेअर) कधी?' हा प्रश्न येणारच. माझं सरळ उत्तर: तिसऱ्या वर्षी, आणि मुलांनी स्वतः बांधलेल्या कमानीचं किंवा मांडवाचंच मॉडेल आधी त्यात करायला लावा. ज्या विटा हाताने उचलल्या त्यांचं शेड्यूल, म्हणजे संख्येचा तक्ता, काढताना मूल आकडा डोळे झाकून मान्य करत नाही. आमच्या भागातल्या ऑफिसांकडून मला उलटा निरोप येतो तो हाच, की तुमची पोरं शेड्यूलमधली चूक पकडतात.

लगेच सुरुवात करायची असेल तर पहिल्या सोमवारी वह्या वाटा आणि कंगवा कापा. एमडीएफची एक शीट पुरते. दुसऱ्या आठवड्यात काठी. सत्र जुलैत सुरू होत असेल तर ढगांमुळे ती जमणार नाही, तेव्हा साखळी आधी घ्या, कमान पाऊस गेल्यावर. काठी डिसेंबरात.

आणि मे महिन्यासाठी एक छोटं काम राखून ठेवा. तेव्हा मुलं सुटीत गावी असतात. मी ग्रुपवर एवढंच टाकते की आपापल्या अंगणात तांब्या ठेवा आणि दुपारी त्याची सावली ज्या दिवशी पूर्ण गायब होईल त्या दिवसाचा फोटो पाठवा, तारीख आधी सॉफ्टवेअरमधून काढून डाव्या पानावर लिहून ठेवा. पहिला फोटो सावंतवाडीचा येतो, मेच्या पहिल्याच आठवड्यात. मग कोल्हापूर, तेराच्या-चौदाच्या सुमारास पुणं, मग मुंबई, नाशिक, आणि महिना संपत आला की नागपूर. गेल्या वर्षी एका मुलाने न सांगता ते सगळे फोटो महाराष्ट्राच्या नकाशावर लावून पाठवले. नागपूरच्या तांब्याशेजारी एक मांजर बसलेलं होतं. त्याच्या बाजूलासुद्धा सावली फारशी नव्हती.